सत्याविना शांती? बीदर-कलबुर्गी परिसरातील शांतिकार्याची एक चिकित्सा

बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत शांती, सलोखा व सामाजिक न्याय यांच्या नावाने वर्षभर काही ना काही घडत असते. ३० जानेवारीला हुतात्मा दिन होतो. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकरांची जयंती, वैशाखात बसवजयंती, १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा सोहळा, २ ऑक्टोबरला गांधीजयंती आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिन येतो. या प्रसंगी निघणाऱ्या पदयात्रा, सायंकाळच्या मेणबत्त्या, जिल्हाधिकारी कचेरीत द्यावयाचे निवेदन आणि शेवटी सर्वधर्म प्रार्थना, असा एक ठरीव क्रम आता पडून गेला आहे. व्यासपीठावर एक स्वामीजी, एक मौलवीसाहेब, एक ग्यानीजी, एक भन्तेजी आणि एक ख्रिस्ती धर्मगुरू बसतात. धर्मगुरूच्या वाट्याला बहुधा पाच मिनिटे येतात. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली, पण वस्तुतः १९१२ साली फ्रान्समध्ये प्रथम छापली गेलेली, शांतीची प्रार्थना म्हणून तो आपल्या जागेवर येऊन बसतो. आम्हीही अशा व्यासपीठांवर बसलो आहोत आणि ती प्रार्थना म्हटली आहे. म्हणून प्रस्तुत लेखातील टीका प्रथम आमच्यावरच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या कार्यक्रमांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परस्परांच्या गल्लीत जाण्याचे टाळणारी माणसे एका सतरंजीवर तासभर बसतात, एकमेकांची नावे विचारतात, कन्नड, दख्खनी उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा एका ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतात, ही गोष्ट लहान नाही. अनेक तरुण कार्यकर्ते पदरमोड करून आणि वेळप्रसंगी पोलीस चौकशी सोसून हे काम करतात. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती निराळी. या सभांतून शांती घडते, की केवळ शांतता राखली जाते?

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य होय. शांतता पोलीस राखू शकतात. गणेशोत्सव व मोहरम तोंडावर आले म्हणजे पोलीस ठाण्यात जी बैठक बोलावली जाते तिला 'शांतता समिती' म्हणतात, आणि ते नाव अगदी यथार्थ आहे. तेथे मिरवणुकीचा मार्ग ठरतो, वाद्ये कोठे बंद करावयाची हे ठरते, दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठितांच्या सह्या होतात. जमावबंदीच्या हुकुमानेही शांतता होते. शांती मात्र हुकुमाने होत नाही. पवित्र शास्त्रातील 'शालोम' या हिब्रू शब्दात ज्या परिपूर्णतेचा, न्यायाचा आणि नात्यांच्या पुनर्बांधणीचा अर्थ आहे, तो 'शांतता' या शब्दात मावत नाही. आमचे म्हणणे असे की, आपल्या परिसरातील बहुतेक शांतिसभा नकळत शांतता समितीचेच काम करीत आहेत, आणि ख्रिस्तसभा त्या कामावर आशीर्वादाची मोहोर उठवीत आहे.

१. या भूमीची साक्ष

शांतीला मूल्य द्यावे लागते ही गोष्ट या भूमीला ठाऊक आहे. बीदर म्हटल्यावर मराठी माणसाला किल्ल्याच्या आधी दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बीदरच्या बहमनी सुलतानाचे धान्याचे कोठार उपाशी लोकांसाठी खुले केले. त्याबद्दल त्याला पकडून नेण्याचा हुकूम सुटला, तेव्हा प्रत्यक्ष विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ही कथा इतिहास म्हणून मान्य करण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही, किंवा तिच्यावर ख्रिस्तशास्त्राचा मुलामाही चढवू इच्छित नाही. ती ज्यांची आहे त्यांचीच राहू द्यावी. तथापि त्या कथेचा गाभा ख्रिस्ती वाचकाला सहज कळावा असा आहे. भुकेलेल्यांचे दुःख कोठार उघडल्याने शमले, केवळ सांत्वनाने नव्हे. उघडलेल्या कोठाराचे मोल कोणालातरी भरावे लागले. आणि ते भरणारा देव गावकुसाबाहेरील मनुष्याच्या वेशात आला.

दुसरी साक्ष बसवकल्याणची. बाराव्या शतकात शरणांच्या मंडळीत चर्मकार हरळय्या यांचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरस यांची कन्या यांचा विवाह झाला. राजा बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला आणि कल्याण नगरीत रक्तपात झाला, अशी परंपरा सांगते. अनुभव मंडपाच्या गौरवाची भाषणे आपण दर वर्षी ऐकतो. त्या मंडपातील समता व्यासपीठावरून उतरून सोयरिकीपर्यंत आली तेव्हाच तिच्यावर तलवार उगारली गेली, हा भाग बहुधा भाषणात येत नाही.

हुमनाबादजवळील माणिकनगरी श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) सर्व मतांचा आदर करणारा सकलमत संप्रदाय स्थापन केला व मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचली. कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात आजही सर्व जातिधर्मांचे लोक जातात. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी मठाची दारे दलितांसाठी उघडली. या थोर वारशाचा उच्चार सभांतून होतो, आणि तो व्हावाही. परंतु आमचा अनुभव असा की, हा वारसा पुष्कळदा पांघरुणासारखा वापरला जातो. 'आपली भूमी संतांची आणि सूफींची, येथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत आले' एवढे म्हटले की, न नांदल्याचे जे प्रसंग घडले त्यांविषयी बोलण्याची गरज उरत नाही. असे प्रसंग घडले आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा प्रसंग तर दर वर्षी साजऱ्या होणाऱ्या एका दिवसाशीच जोडलेला आहे.

२. १७ सप्टेंबर आणि दोन शोक

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. मराठवाड्याप्रमाणे बीदर व कलबुर्गीतही हा दिवस साजरा होतो. २०१९ पासून कर्नाटक शासनाने या विभागाला 'कल्याण कर्नाटक' असे नाव दिले आहे. एका निरंकुश राजवटीचा अंत झाला याचा आनंद योग्यच आहे. मे १९४८ मध्ये बसवकल्याण परिसरातील गोरटा या गावावर रझाकारांनी हल्ला केला. त्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगितले जाते. त्या गावी आता हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे, आणि मार्च २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोरट्याच्या मृतांचे स्मरण पुष्कळ आधी व्हावयास हवे होते, असेच आम्ही म्हणू.

परंतु त्याच वर्षी दुसरा शोक घडला. पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्या पाठोपाठ या प्रदेशातील मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये प्रवास करून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले आणि या चारांत मिळून अठरा हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, असा त्यांचा अंदाज होता. संपूर्ण संस्थानासाठी त्यांनी २७,००० ते ४०,००० हा आकडा दिला. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. बीदर व कलबुर्गीतील खेड्यापाड्यांत मात्र अहवालाची गरज कधीच नव्हती. कोणत्या विहिरीचे पाणी लोक पुढे कित्येक वर्षे प्याले नाहीत, कोणते शेत कोणाच्या नावाचे कोणाच्या नावावर गेले, हे वृद्ध माणसे आवाज खाली आणून सांगत असत. तसे सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नमूद आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचविताना प्राण गमावलेले हिंदू त्या पाहणीत आढळले, आणि विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याची उदाहरणे आढळली. सलोख्याच्या सभेत सांगावी अशी याहून मोलाची गोष्ट कोणती? पण ती सांगितली जात नाही, कारण ती सांगावयाची तर ते रक्षण कोणापासून करावे लागले हेही सांगावे लागेल.

असे दोन शोक एकाच मातीत, एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने पुरले गेले. एकाला स्मारक लाभले, दुसऱ्याला कुजबुजही महाग झाली. १७ सप्टेंबरच्या सोहळ्यात पहिल्याचा उल्लेख होतो. शांतिसभेत, कोणाचे मन दुखावू नये म्हणून, दोहोंचाही होत नाही. आमच्या मते ही दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान नाही. सोहळ्यातले स्मरण अर्धे असते, एवढेच. शांतिसभेत स्मरणच नसते, आणि तरीही तिला सलोखा असे नाव दिले जाते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो सद्भावनेने येतो. जुनी थडगी उकरल्याने नवे दंगे होतील, असे म्हटले जाते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मृतांसमोर मृत मांडून हिशेबाची वही लिहिणे हे पाप आहे, आणि तसे करणारे दोन्हीकडे आहेत. परंतु जे सज्जन बोलत नाहीत त्यांच्या मौनाने आठवण नाहीशी होत नाही, ती दुर्जनांच्या स्वाधीन होते. आपल्याच माणसांचा शोक एकट्याने, बंद दाराआड सांगितला गेला तर त्यातून सूड निपजतो. तोच शोक दुसऱ्याच्या शोकाशेजारी, त्याच्या देखत सांगितला गेला तर त्यातून पश्चात्ताप निपजण्याची आशा असते. म्हणून प्रश्न सांगावे की न सांगावे हा नाही. तो कोणी, कोणासमोर आणि कोणत्या भावनेने सांगावे हा आहे.

३. अलीकडचे प्रसंग

हे सर्व १९४८ सालापुरतेच असते तर इतिहासकारांवर सोपवून चालले असते. तसे नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये बीदर शहरात शीख विद्यार्थ्यांवर हल्ले होऊन त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. ज्या शहरात गुरुनानक झिरा आहे, आणि पंचप्यारांपैकी भाई साहिबसिंग ज्या शहराचे, त्याच शहरात हे घडले. आजच्या सर्वधर्म व्यासपीठावर ग्यानीजींना मानाने बसविले जाते, पण त्या मुलांसाठी दोन मिनिटे उभे राहण्याची प्रथा आम्ही पाहिली नाही.

जानेवारी २०२० मध्ये बीदर येथील शाहीन शाळेतील लहान मुलांनी नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीवर टीका करणारे एक नाटक केले. राजद्रोहाचा गुन्हा नोंदविला गेला. मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई यांना ३० जानेवारीला, म्हणजे हुतात्मा दिनीच, अटक झाली आणि त्या सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिल्या. पोलिसांनी मुलांची वारंवार चौकशी केली. गणवेशात व शस्त्रांसह मुलांसमोर जाणे हे त्यांच्या हक्कांचे उल्लंघन होय, असे मत उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्यक्त केले. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने तो गुन्हाच रद्द केला, आणि त्याच वेळी शाळांनी मुलांना शासनाच्या धोरणांवरील टीकेपासून दूर ठेवावे असेही सुचविले. लहान मुलांच्या तोंडी राजकीय वाक्ये द्यावीत की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतो. परंतु शिक्षिकेने आणि आईने कोठडीत राहावे आणि मुलांनी पोलिसांना उत्तरे द्यावीत, याविषयी ख्रिस्ती माणसाला मतभेदाची सवड नाही. त्या आठवड्यांत आमच्या प्रवचनांत शांती हा शब्द आला होता. ती मुले आली नव्हती.

तिसरा प्रसंग आळंदचा. तेथील लाडले मशायख दर्ग्याच्या आवारात राघवचैतन्यांच्या नावाने ओळखले जाणारे शिवलिंग आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेत ज्यांचे नाव येते तेच हे राघवचैतन्य, असे परंपरा मानते. म्हणजे वारकऱ्यांची एक वाट एका सूफीच्या अंगणातून जाते. त्याच अंगणापाशी १ मार्च २०२२ रोजी, महाशिवरात्रीला, दोन जमाव समोरासमोर आले आणि दगडफेक झाली. पुढच्या वर्षी न्यायालयाने पंधरा जणांना पूजेची अनुमती दिली आणि बंदोबस्तात ती पार पडली. न्यायालयाने आपले काम केले, त्याला दोष देता येत नाही. परंतु जेथे एके काळी कोणी मोजत नव्हते तेथे आता माणसे मोजून आत सोडावी लागतात, ही शांतता होय. तिला शांती म्हणणे म्हणजे जखमेला पट्टी बांधून तीच त्वचा आहे असे सांगणे.

४. शास्त्राचा निकष

हे नेमके वर्णन पवित्र शास्त्रात आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, सहाव्या आणि पुन्हा आठव्या अध्यायात, प्रभूचा रोष कोणावर आहे? लोकांची जखम वरवर बांधून, शांती नसताना शांतीची घोषणा करणाऱ्यांवर. आणि असे करणारे म्हणून तेथे संदेष्टे व याजक यांची नावे घेतली आहेत, सैनिकांची नव्हे. यहेज्केल तेराव्या अध्यायात कच्च्या भिंतीला चुन्याचा लेप देणाऱ्यांची उपमा वापरतो. आपल्या व्यासपीठावरील पाच मिनिटे हा असा लेप तर नाही ना, हे आपण स्वतःस विचारले पाहिजे.

स्तोत्र ८५ मध्ये दया आणि सत्य यांची भेट होते, आणि मगच न्याय व शांती एकमेकांना आलिंगन देतात. हा क्रम उलटता येत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात शांती म्हणजे युद्धाचा केवळ अभाव नव्हे, ती न्यायाची निष्पत्ती होय, असे शिकविले. १९८५ साली दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती विचारवंतांनी प्रसिद्ध केलेल्या 'कैरोस' निवेदनात, न्यायाची मागणी न करता समेटाचा उपदेश करणाऱ्या धर्मविचारावर कठोर टीका होती. तो देश आणि आपले जिल्हे यांची परिस्थिती एक नाही. तेथे अन्याय करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे स्पष्ट होते. आपल्याकडे एकाच गावात एका पिढीचा सोसणारा दुसऱ्या वेळी मारणारा झालेला असतो. म्हणूनच आपल्याला आरोपापेक्षा अंगीकाराची भाषा अधिक जवळची असावी.

ती भाषा दानिएलाच्या नवव्या आणि नहेम्याच्या पहिल्या अध्यायात आहे. हे दोघेही वैयक्तिकरीत्या त्या पापांचे धनी नव्हते. दानिएल तर त्या पापांचे फळ बंदिवासात भोगत होता. तरीही प्रार्थनेत ते 'त्यांनी' असे म्हणत नाहीत, 'आम्ही' असे म्हणतात. आपल्या पूर्वजांची, आपल्या राजांची, आपल्या लोकांची पापे ते आपल्या तोंडाने कबूल करतात. आमच्या मते शांतिसभांत ख्रिस्ती धर्मगुरूने आणावयाची भेट हीच आहे. इतर वक्ते आपल्या लोकांच्या थोरवीविषयी बोलतात. आपण आपल्या लोकांच्या अपराधाविषयी बोलावे.

आणि याहून मोठा आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थित प्रभू बंद दाराआड बसलेल्या शिष्यांमध्ये येतो, शांतीचे अभिवादन करतो आणि लगेच त्यांना आपले हात व कूस दाखवितो. ज्यांनी त्याला सोडून पळ काढला त्यांच्यासमोर तो व्रण झाकीत नाही, आणि त्या व्रणांचा दाखला देऊन त्यांना दोषही देत नाही. व्रण दिसत असतानाच शांती दिली जाते. जी शांती व्रण झाकण्याची अट घालते ती त्या माडीवरची शांती नव्हे.

५. आपल्या घराची झडती

यावर एखादा मौलवी किंवा स्वामी आम्हाला विचारील, 'तुमच्या लोकांचा अपराध कोणता?' उत्तर तयार असावे. बीदर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजातून आले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, पण ख्रिस्ती व मुसलमान दलितांना मिळाल्या नाहीत. हा अन्याय आहे, आणि १० ऑगस्टला काळा दिवस पाळून त्याविरुद्ध रस्त्यावर उतरणे योग्यच आहे. परंतु भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनेच डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता शिल्लक असल्याची कबुली दिली. अन्य मंडळ्यांची स्थिती वेगळी आहे असे त्यांचे पाळकबंधूही म्हणणार नाहीत. एकाच वेदीवरची भाकर खाणारी दोन घरे सोयरिकीच्या वेळी जात विचारतात, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? हरळय्या आणि मधुवरस यांनी बाराव्या शतकात ओलांडलेला उंबरठा आपण बाप्तिस्म्यानंतरही ओलांडलेला नाही.

दुसरा अपराध अधिक सूक्ष्म आहे. आपल्या हक्कांसाठी आपण मोर्चा काढतो, आणि दुसऱ्यावर अन्याय झाला की प्रार्थना करतो. प्रार्थना हे शस्त्र आम्ही दुबळे मानीत नाही. परंतु स्वतःसाठी पाय आणि इतरांसाठी केवळ ओठ, ही वाटणी ख्रिस्ताची नव्हे. अल्पसंख्य असल्याची भीती हे त्याचे कारण आहे, आणि ती भीती निराधार नाही. लहान खेड्यात पाचसहा ख्रिस्ती घरे असतात. उपदेशकाला रात्री सायकलवरून एकट्याने परतावे लागते. त्याला धैर्याचा उपदेश शहरातील सुरक्षित खोलीतून करणे आम्हास शोभत नाही. म्हणून पुढील सूचनांतील जोखमीचा पहिला वाटा धर्मगुरूंनी उचलावा, अशी आमची भूमिका आहे.

६. काही सूचना

पहिली सूचना उपासनेविषयी आहे. १७ सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत गोरट्याच्या मृतांचे आणि त्यानंतरच्या महिन्यांत मारल्या गेलेल्या मुसलमानांचे स्मरण एकाच वाक्यात, एकाच स्वरात करावे. आकडे सांगू नयेत, दोषारोप करू नये. ज्या विणकरांनी शेजाऱ्यांसाठी प्राण दिले त्यांच्यासाठी देवाचे आभार मानावेत. २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी १९८८ सालच्या त्या शीख विद्यार्थ्यांसाठीही प्रार्थना व्हावी. यास कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही. लागते ते एवढेच की, धर्मगुरूने आधीच्या रविवारी मंडळीला त्याचे कारण नीट समजावून सांगावे.

दुसरी सूचना उपदेशकांसाठी आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत फिरताना ज्या वृद्धांच्या ओटीवर ते बसतात, त्यांनी १९४८ साल लहानपणी पाहिलेले असू शकते. त्यांचे बोलणे ऐकावे, आणि त्यांची इच्छा असेल तर उतरवून घ्यावे. ते प्रसिद्ध करण्याची घाई नको. ऐकून घेणे हीच प्रथम सेवा आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलाचे रक्त भूमीतून देवाला हाक मारते. देव ती ऐकतो, यावर आपला विश्वास असेल तर त्याच्या सेवकांनी कान बंद करून चालणार नाही.

तिसरी सूचना व्यासपीठाविषयी आहे. सर्वधर्म सभेचे निमंत्रण आल्यास ते नाकारू नये. परंतु जाण्यापूर्वी त्या महिन्यात ज्याच्यावर अन्याय झाला असेल अशा एका घरी, मग ते कोणत्याही धर्माचे असो, जाऊन यावे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने दान वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले आहे. व्यासपीठ हे वेदीहून पवित्र नव्हे. सभेत पाच मिनिटे मिळाली तर ती प्रसिद्ध प्रार्थना एखाद्या वेळी बाजूला ठेवावी, आणि आपल्या मंडळीतील जातिभेदाचा साध्या शब्दांत अंगीकार करावा. श्रोते गोंधळतील. कदाचित आयोजकांना ते आवडणार नाही. परंतु त्यानंतर बोलावयास उठणाऱ्या वक्त्याला आपल्या लोकांची नुसती थोरवी गाणे थोडे अवघड जाईल, आणि तेवढ्याने त्या सभेत सत्याला बसावयास जागा होईल.

या सूचनांनी उद्या बीदरमध्ये किंवा कलबुर्गीत क्रांती होईल असा आमचा दावा नाही. आळंदला बंदोबस्त लागणे इतक्यात थांबणार नाही. शांतता समित्यांच्या बैठका होत राहतील, आणि त्या व्हाव्यातही, कारण दगड हातात घेतलेल्या जमावापुढे प्रथम शांतताच हवी असते. आमचे म्हणणे एवढेच की, जे काम ठाणेदार करू शकतो ते धर्मगुरूने पुन्हा करू नये. त्याच्या हाती दुसरे काम सोपविलेले आहे. ज्या भूमीत एका कोठाराचे मोल भरण्यासाठी देवाला गावकुसाबाहेरून यावे लागले अशी कथा लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले, त्या भूमीला मोल भरणाऱ्या शांतीची ओळख पटवून द्यावी लागणार नाही. ती ओळख तिला आहेच. क्रूसाच्या रक्ताने साधलेल्या शांतीचे आपण सेवक आहोत असे जर आपण म्हणतो, तर निदान आपल्या वाट्याची किंमत आपण भरावी, आणि ती भरताना प्रथम आपले नाव सांगावे.